तुर्भ्याचे विद्यावेतन

शिष्यवृत्ती आणि विद्यावेतन हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण दोन्हींमागचा व्यवहार वेगळा आहे. शिष्यवृत्ती गुणांची कदर करते आणि शिष्याला मोकळा सोडते. विद्यावेतनात ‘वेतन’ आहे. ते देणाऱ्याला पुढे काम करून हवे असते. बारावीनंतर रॉकेट-उपग्रहांचे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या मुलांना सरकारने जी भरघोस मदत देऊ केली, ती या दुसऱ्या जातीची होती आणि तिचा साचा ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पायथ्याशी घडला, असे माझे म्हणणे आहे. (ट्रॉम्बे म्हणजे जुने तुर्भे. खाडीपलीकडचे नवी मुंबईतले तुर्भे निराळे.)

त्याआधीची तऱ्हा पाहावी. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये सुरू केलेल्या निधीतून परदेशी शिकायला पैसे मिळत, ते कर्जाऊ. पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. कर्ज असल्याने भिडेचा प्रश्न नव्हता आणि फेडीतून पुढच्याची सोय होई. ही योजना आजही चालू आहे. तिच्यात उणीव एकच. शिकून परतलेल्याला इथे काम कुठे मिळेल, हे ती सांगत नसे, आणि सांगणे तिचे कामही नव्हते. होमी भाभांनी मार्च 1944 मध्ये टाटा ट्रस्टला लिहिलेल्या पत्रात नेमके याच जागी बोट ठेवले होते. दोनेक दशकांत अणूपासून वीज होऊ लागेल, तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, ते घरातच तयार असावेत, असा त्या पत्राचा रोख होता. माणसे आधी आणि यंत्र मागून, हा क्रम तेव्हा उफराटाच वाटला असेल.

अणुऊर्जा आस्थापना 1954 मध्ये ट्रॉम्बेला उभी राहिली, ऑगस्ट 1956 मध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी चालू झाली आणि बरोबर वर्षाने, ऑगस्ट 1957 मध्ये, प्रशिक्षणशाळा निघाली. तिची धुरा राजा रामण्णांकडे होती. गंमत अशी, की रामण्णा स्वतः टाटांच्या त्या जुन्या योजनेतून लंडनला शिकून आलेले. त्यांच्या हातून घडली ती रीत मात्र वेगळी निघाली. विज्ञान किंवा अभियांत्रिकीचा पदवीधर निवडायचा, वर्षभर शिकवायचा, त्या वर्षाचे विद्यावेतन द्यायचे आणि पास झाला की आस्थापनेतच नेमणूक द्यायची. बदल्यात ठराविक वर्षे नोकरी करण्याचे हमीपत्र. तिथली मुलाखत आजही विद्यार्थ्यांत चर्चेचा विषय असते. आवडते विषय कोणते, असे उमेदवारालाच विचारतात आणि मग त्याच विषयात तासभर खोल खणत जातात. पाठांतर फार लवकर संपते. व्हीजेटीआयमधून 1963 मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर झालेले अनिल काकोडकर याच शाळेतून आले आणि अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदापर्यंत गेले.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: ही अणूची कथा झाली, आकाशाचा इथे काय संबंध? पण 1962 मध्ये अवकाश संशोधनाची पहिली राष्ट्रीय समिती नेमली गेली ती अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली. थुंब्याहून 21 नोव्हेंबर 1963 ला पहिले रॉकेट सुटले, त्याआधी नासाकडे प्रशिक्षणाला पाठवलेल्या मोजक्या तरुणांत आर. अरवमुदन होते, आणि ते ट्रॉम्बेच्या अणुभट्टी-नियंत्रणाच्या कामातून उचललेले. स्वतंत्र अवकाश विभाग निघायला 1972 साल उजाडले. त्याहून बोलका दाखला जी. माधवन नायर यांचा. केरळ विद्यापीठाची पदवी 1966 मध्ये, मग ट्रॉम्बेची प्रशिक्षणशाळा आणि 1967 मध्ये थुंबा. हेच नायर इस्रोचे अध्यक्ष असताना 2007 मध्ये तिरुवनंतपुरमला भारतीय अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. बारावीचा विद्यार्थी निवडायचा, पहिल्या तुकड्यांना शिक्षणाचा आणि राहण्या-जेवण्याचा खर्च अवकाश विभागाने द्यायचा, ठराविक गुण टिकवले तर इस्रोत नोकरी आणि त्यासाठी बाँड. दोन्हींकडची कलमे शेजारी ठेवली तर फरक उरतो तो वयाचा. ट्रॉम्बेने पदवीनंतर जे केले, ते इथे चार वर्षे आधी आले. पुढे संपूर्ण खर्चाची ती सोय राहिली नाही, हेही नोंदवायला हवे.

दुसरा आक्षेप बाँडवरचा. ही ऊसतोडीची उचलच की. आधी पैसे हातावर ठेवायचे आणि मग माणूस बांधून घ्यायचा. तुलना झोंबणारी आहे आणि अगदीच खोटी नाही. अठराव्या वर्षी सही करणाऱ्या मुलाला पंचविशीत कशाची ओढ लागेल, हे कोणी सांगावे! पण उचलीत बांधला जातो तो एकटा मजूर, मुकादम मोकळा राहतो. इथे हमीपत्राने संस्थाही बांधली गेली होती, कारण नेमणूक देणे तिच्याकडे लागत होते. ज्या काळात देशात रॉकेट बनवणारा दुसरा मालकच नव्हता, त्या काळात नोकरीवाचूनच्या निव्वळ शिष्यवृत्तीने एक तर परदेशाचे तिकीट काढून दिले असते, नाहीतर दुसऱ्याच धंद्याची वाट दाखवली असती.

तिसरा आक्षेप मला मान्य करावा लागतो. विद्यावेतन सुरू होते निवडीनंतर. निवडीपर्यंतचा खर्च घरचा. ट्रॉम्बेतच याचा पुरावा आहे. अणुकेंद्राच्या वसाहतीलगतची जनता कॉलनी मे 1976 मध्ये, आणीबाणीत, पाडली गेली आणि हजारो कुटुंबे चीता कॅम्पला हलवली गेली. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी घरे हवी होती. देशभरातली हुशार मुले जिथे वेतन घेऊन शिकायला येत, त्याच भिंतीपलीकडच्या मुलांची शाळाच बदलली. याच परिसरात, मानखुर्दला, आज होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्या केंद्राने 1980 च्या दशकात महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केले, तेव्हा अडसर बुद्धीचा नसून बराचसा पाठ्यपुस्तकांच्या बोजड भाषेचा आहे, असे दिसून आले. भाषा सोपी केली, जादा मार्गदर्शन दिले, तशी दहावीचे गुण वाढले.

आज तिरुवनंतपुरमच्या पदवी-प्रवेशाला जेईई ॲडव्हान्स्ड लागते. क्लासची फी अकरावी-बारावीत भरायची असते, सवलतीचा विचार त्यानंतरचा. शाळेच्या वयातच मुले निवडून पुढे शिकायला पैसा देणाऱ्या दोन मोठ्या केंद्रीय योजना होत्या. 1963 मध्ये सुरू झालेल्या विज्ञान प्रज्ञाशोधातून वाढलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा 2021 नंतर थांबली आणि किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना 2022 मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन करून तिची परीक्षा बंद करण्यात आली.