बार्शी लाईट: अडीच फुटांचा रूळ आणि लातूरचं पाणी

'बार्शी लाईट'चा विषय निघाला की आपल्याकडं आधी हशा पिकतो. चालत्या गाडीतून उतरायचं, शेतातला ऊस मोडायचा आणि पळत जाऊन परत डबा गाठायचा, असले किस्से आपण सगळेच ऐकत आलोय. किस्से खरे असोत की रंगवलेले, या लाईनचा खरा इतिहास त्यापेक्षा मोठा आहे. आणि आपल्या भागाच्या आजच्या प्रश्नांशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे 1860 च्या सुमारास सोलापूरला पोचली, पण बार्शी बाजूलाच राहिली. बार्शी म्हणजे कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ. बालाघाटावरचा माल बैलगाड्यांनी बार्शीत यायचा आणि तिथून पुन्हा बैलगाडीनंच मुख्य लाईनवर जायचा. त्या स्टेशनाचं नावच मुळी 'बार्शी रोड' होतं. म्हणजे बार्शीला जायचं असेल तर इथं उतरा, पुढचं तुमचं तुम्ही बघा! तेच आजचं कुर्डुवाडी.

ही अडचण हेरली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं. तो आधी जीआयपीतच नोकरीला होता. 1895 मध्ये कंपनी उभी राहिली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही 21 मैलांची, म्हणजे सुमारे 34 किलोमीटरची लाईन सुरू झाली. रूळ फक्त अडीच फूट रुंदीचे, 762 मिलिमीटर. मुख्य लाईनची रुंदी साडेपाच फूट. म्हणजे निम्म्यापेक्षाही कमी.

आपण जिला खेळण्यातली गाडी म्हणून हसतो, ती त्या काळातली हुशार इंजिनिअरिंग होती. कॅलथ्रॉपचं गणित सोपं होतं. गाडीच्या प्रत्येक आसावर 5 टनांपेक्षा जास्त वजन पडू द्यायचं नाही. मग रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात आणि तरीही भरपूर माल नेता येतो. इंजिनं आली लीड्सच्या किटसन कंपनीकडून. हाच माणूस पुढं इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचा इंजिनिअर झाला, आणि तिथली गाडी बार्शीच्या अनुभवावर उभी राहिली. इंग्लंडनं बार्शीकडून शिकलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुढं लाईन दोन्ही बाजूंना वाढली. एका बाजूला पंढरपूर, दुसऱ्या बाजूला येडशी, तडवळे करत 1911 मध्ये थेट निजामाच्या मुलखातलं लातूर. 1927 मध्ये पंढरपूरहून सांगोला, जत रोड, कवठे महांकाळमार्गे मिरज जोडलं गेलं. मिरज ते लातूर, एकूण 325 किलोमीटर. कापूस, भुईमूग आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरी, यांच्यावर ही गाडी जगली. 1 जानेवारी 1954 ला सरकारनं ती कंपनीकडून ताब्यात घेतली.

आता मुद्द्याचं बोलतो. स्वस्त रूळ टाकून लाईन लवकर झाली, हे खरं. पण त्या अडीच फुटांची किंमत आपण पुढची शंभर वर्षं मोजली. मुंबईचा वॅगन लातुरात येऊ शकत नव्हता. प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ कुर्डुवाडीला एका गाडीतून उतरवायची आणि दुसरीत चढवायची. त्यात वेळ जायचा, हमाली लागायची. ज्या गावाला मोठी लाईन मिळाली ते पुढं गेलं, आपण अदलाबदलीतच अडकलो.

दुसरी किंमत मोजली धाराशिवनं. जिल्ह्याचं ठिकाण, पण जुनी लाईन शहराला टाळून येडशी-तडवळ्याहून गेली. शहरात रेल्वे आली ती रुंदीकरणाच्या वेळी, आणि तीसुद्धा लोकांनी मागणी लावून धरली, मार्ग बदलून घेतला म्हणून. नाहीतर जुन्याच रेघेवर नवे रूळ पडले असते.

देशात सगळीकडं एकच गेज करायचं धोरण आलं 1992 मध्ये. कुर्डुवाडी-लातूर मोठी लाईन पूर्ण व्हायला 2008 उजाडलं. पंढरपूर-मिरज हा टप्पा त्याच्याही नंतर, 2011 च्या आसपास.

आणि मग आला 2016 चा उन्हाळा. लातूरचे नळ कोरडे पडले. 12 एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. 10 वॅगन, 5 लाख लिटर. काही दिवसांत 50 वॅगनच्या गाड्या सुरू झाल्या, एका खेपेला 25 लाख लिटर. 'जलदूत' ज्या रस्त्यानं आली तो रस्ता कोणता? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. जुन्या बार्शी लाईटचाच! रुंदीकरणाचं काम आणखी पाच-सहा वर्षं रेंगाळलं असतं, तर मिरजेत भरलेला टँकर या वाटेनं लातूरला पोचलाच नसता. फाईल कुठं अडली, निधी कधी आला, या कंटाळवाण्या गोष्टी वाटतात. पण त्यांच्यावर एका शहराचं पिण्याचं पाणी अवलंबून होतं.

आज सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे 84 किलोमीटरच्या नव्या लाईनचं काम चाललंय. तुळजापूरला पहिल्यांदाच रेल्वे येणार, आनंदच आहे. पण उद्घाटनाच्या फोटोपेक्षा नकाशाकडं जास्त लक्ष द्या. स्टेशन गावापासून किती लांब आहे? तिथं मालधक्का आहे का? पुढं दुसरी लाईन टाकायला जागा ठेवलीय का? हे प्रश्न ग्रामसभेत, लोकप्रतिनिधींसमोर आत्ताच विचारायला हवेत. रूळ एकदा पडले की ते हलवायला किती काळ जातो, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार?