श्रीरामपूरचा मोची

हावड्याहून लोकलगाडीने उत्तरेकडे निघाले की तासाभराच्या आत हुगळीच्या पश्चिम तीरावरील श्रीरामपूर येते. बंगालात बदली होऊन आलेला मराठी माणूस दक्षिणेश्वर पाहतो, बेलूर मठ पाहतो. येथे मात्र क्वचितच उतरतो. वास्तविक या गावाचे आपणांवर ऋण आहे. मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० साली येथील छापखान्यातून बाहेर पडला. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत होते. हे दोन्ही ग्रंथ रचणारा विल्यम केरी हा जन्माने इंग्रज, धर्माने बॅप्टिस्ट ख्रिस्ती आणि धंद्याने मोची.

पुढे मोठेपणी एका मेजवानीत कोणी अधिकाऱ्याने त्याच्या पूर्वीच्या धंद्याची कुचेष्टेने चौकशी केली, तेव्हा आपण जोडे बनवणारे नव्हतो, नुसते फाटके जोडे शिवणारे होतो, असे त्याने शांतपणे सांगितले म्हणतात. संत पॉल तंबू शिवून पोट भरी. तेव्हा हाताने काम करण्यात कमीपणा कसला, ही त्याची श्रद्धा होती. धर्मोपदेशकाने स्वतःच्या श्रमावर जगावे, असे त्याने १७९२ च्या आपल्या पुस्तिकेत लिहून ठेवले, आणि १७९३ साली बंगालात उतरल्यावर मालदा प्रांतात निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहून ते खरे करून दाखविले. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते; म्हणून १८०० साली तो डॅनिश अंमलाखालील श्रीरामपुरात आला. मार्शमन आणि वॉर्ड या दोघा सहकाऱ्यांसह त्याने एकत्र कुटुंब थाटले. प्रत्येकाची कमाई सामाईक तिजोरीत पडे. १८०१ पासून केरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला. पुढे त्याचे वेतन दरमहा हजार रुपयांपर्यंत चढले. खर्चापुरते ठेवून बाकीचे तो त्या तिजोरीत भरी. पहिल्या तारखेची वाट पाहणाऱ्या आम्हां कारकुनांना हा हिशेब वाचून थोडे ओशाळल्यासारखे होते, हे कबूल केले पाहिजे.

मराठी व्याकरणाचे साल ध्यानात घेण्यासारखे आहे. १८०३ साली वेलस्लीने शिंदे-भोसल्यांशी युद्ध मांडले. जिंकलेल्या मुलखाचा कारभार पाहण्यास मराठी येणारे गोरे अंमलदार हवे झाले. आमच्या भाषेचे व्याकरण आमचे राज्य घेणाऱ्यांच्या सोयीसाठी निघाले, हे कडू असले तरी खरे आहे. परंतु केरीने या कामी कॉलेजातील मराठी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. साहेबाने हाताखालच्या माणसाचे नाव छापील पानावर घालावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. आजही ती सर्रास घडते असे नाही. टिपणी कोणाची आणि सही कोणाची, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्यास आग लागली. केरी कलकत्त्यात होता. दुसऱ्या दिवशी मार्शमनने जाऊन वार्ता सांगितली. कागद जळाला, अनेक लिप्यांचे खिळे वितळले. त्याहून वाईट म्हणजे बहुभाषी कोशाची आणि रामायणाच्या भाषांतराची हस्तलिखिते गेली. वर्षांचे श्रम एका रात्रीत राख झाले. ठसे व मुद्रणयंत्रे मात्र वाचली. राखेतून वितळलेले शिसे उपसून काढले, त्याचेच पुन्हा खिळे ओतले आणि काही आठवड्यांत छपाई सुरू झाली. एकदा चाललेला रस्ता दुसऱ्यांदा सोपा जातो, अशा अर्थाचे केरीने त्या वेळी लिहिले. काय वाचले ते आधी मोजावयाचे, त्याबद्दल देवाचे आभार मानावयाचे आणि मग कामाला बसावयाचे, ही त्याची रीत होती. आपण चिकाटीने रेटत राहू शकतो, याखेरीज दुसऱ्या कोणत्याही गुणाचा त्याने स्वतःविषयी दावा केला नाही.

येथे एक गोष्ट गाळता येत नाही. केरीची पत्नी डोरोथी भारतात येण्यास प्रथम राजी नव्हती. अखेरीस पुष्कळ मनधरणीनंतर ती निघाली. १७९४ साली तिचा पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. त्यानंतर तिचे मन ढळले ते १८०७ साली मरेपर्यंत सावरले नाही. बाजूच्या खोलीत तिचा आक्रोश चालू असताना केरी भाषांतर करीत बसलेला असे. त्याचे चरित्रकार याला त्याचा त्याग म्हणतात. आम्हांस वाटते, त्याने त्याग केला तो स्वेच्छेने. डोरोथीकडून तो घेतला गेला. बदलीच्या हुकुमाबरोबर बायकामुलांची बिऱ्हाडे उचलणाऱ्यांना हा भेद कळण्यास कठीण जाऊ नये.

९ जून १८३४ रोजी केरी वारला. दगडावर आपले नाव, जन्ममृत्यूच्या तारखा आणि एका स्तोत्राच्या दोन ओळी, एवढेच असावे, अशी त्याची आज्ञा होती. त्या ओळी आपल्या असाहाय्यतेच्या आणि देवाच्या दयेच्या आहेत. व्याकरणाचा किंवा कोशाचा तेथे उल्लेख नाही.