यीस्ट : एक पेशी की अनेक?

घरी इंग्लिश पद्धतीची एल बिअर करणारा माणूस आज द्रवरूप यीस्टचं पाकीट विकत आणतो. त्या पाकिटामागे एक जुना वाद आहे.

पंधराव्या शतकात नॉरिचमध्ये यीस्टला ‘देव भला आहे’ अशा अर्थाचं नाव होतं. आपण विरजण लावतो ना, तसा जुन्या पिंपातला फेस नव्यात घालायचा, बस्स! १८७१मध्ये लुई पाश्चर यांनी लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यातलं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. १८८३मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवला. लागरवाल्यांनी तो उचलला. इंग्रज मात्र बराच काळ मिश्र यीस्टलाच धरून राहिले. हा नुसता हट्ट होता का? नाही. १९०४मध्ये कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेन यांनी दाखवलं, की मुरलेल्या इंग्लिश बिअरची खास चव दुसऱ्याच एका यीस्टमुळे येते. त्याला त्यांनी ब्रेटानोमायसिस, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’, असं नाव दिलं. शुद्धीकरणात चवीचा एक भागच गळत होता!

मग निवडायचं कसं? पाकिटात बहुधा एकच वाण असतो. म्हणून नुसत्या ‘इंग्लिश’ शब्दावर जाऊ नका. तो साखर किती खातो आणि तळाशी किती लवकर बसतो, ते बघा. बिटरसाठी कमी खाणारा, पटकन बसणारा घ्या. अंगात गोडवा राहतो, बिअर नितळ होते. पण असा वाण काम अर्धवट टाकून बसला, तर लोण्यासारखा वास मागे राहतो. म्हणून शेवटी दोन दिवस जरा उबेत ठेवा.

शुद्धता हा गुण खराच. पण कशासाठी, हे आधी विचारायला हवं.