बाई हलवायची केव्हा

नर्सिंगच्या मुलींना घेऊन यावलच्या डोंगरपट्ट्यात मी वर्षानुवर्षं हिंडले. सावखेडासिम, किनगाव, साकळी इथली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी-पावरांचे पाडे, ही आमची शाळा. मोठ्या रुग्णालयात मुलगी ड्रेसिंग शिकते, इंजेक्शन शिकते, आणि अडलं तर हाक मारायला शेजारी कुणीतरी असतं. पाड्यावर कुणी नसतं. तिथे एकच विद्या कामाला येते: दिवस भरलेल्या कोणत्या बाईला थांबवायचं, आणि कोणतीला ताबडतोब हलवायचं.

ही विद्या गावातच शिकवावी, हे आपल्याकडे उशिरा सुचलं. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला बायकांना नर्सिंग शिकायला ससूनमध्ये पाठवलं. त्या काळी त्याला मोठी छाती लागली. पण ते शिक्षण शहराच्या रुग्णालयाचं होतं. डिसेंबर १९३६ मध्ये आमच्याच तालुक्यात, फैजपूरला, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. नेहरू अध्यक्ष होते. त्यानंतरही खेड्यातलं बाळंतपण सुईणीच्याच हातात राहिलं. दहा वर्षांनी, १९४६ साली, भोर समितीने हिशेब मांडला: देशात ४३,००० माणसांमागे एक नर्स आणि ६०,००० माणसांमागे एक शिकलेली सुईण.

त्यावर तोडगा म्हणून पन्नाशीच्या दशकात एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आला. सातवी-आठवी शिकलेली गावची मुलगी घ्यायची, तिला बाळंतपणाचं काम नीट शिकवायचं आणि गावातच नेमायचं. २ ऑक्टोबर १९५२ ला समूह विकास योजना सुरू झाली, तिच्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रं आली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या आणि नर्सबाई जिल्हा परिषदेची झाली.

शिकवण्याची रीत मात्र पुढेही फारशी बदलली नाही. घरी गेल्यावर आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची. हात धुतल्याशिवाय बॅगेत हात घालायचा नाही. लघवी परीक्षानळीत घेऊन वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. गढूळ झाली तर ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकायचे, तरीही गढूळपणा राहिला तर अल्ब्युमिन आहे. पायावर सूज आणि लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे ही बाई घरी बाळंत व्हायची नाही. पोट तपासायच्या आधी हात ऊबदार करायचे, हे आमच्या पुस्तकात होतं. मुलींच्या अंगात ते मुरलं एका म्हाताऱ्या सुईणीमुळे. ती पोटाला हात लावायच्या आधी चुलीवर तळवे शेकायची. माझ्या मुलीही मग तिच्याशेजारी चुलीपाशी बसू लागल्या. त्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण मूल आडवं आहे हे ती बोटांनी सांगायची, आणि ‘ही माझ्याच्यानं व्हायची नाही, न्या हिला’ असं म्हणायला तिला कधी कमीपणा वाटला नाही. माझ्या मते मुलींनी तिच्याकडून घेतलेला सर्वांत मोठा धडा हाच.

कारण हलवायचं म्हणजे पाड्यावरून बैलगाडीने डांबरी रस्त्यापर्यंत, तिथून मिळेल त्या जीपने यावल, आणि तिथे निभलं नाही तर तापी ओलांडून भुसावळ किंवा जळगाव. रक्तस्राव सुरू झाल्यावर निघालेल्या बाईला एवढा रस्ता पुरत नाही. निर्णय आदल्या दिवशीच, कधी आदल्या महिन्यातच घ्यावा लागतो.

१९७३ च्या कर्तारसिंग समितीने एएनएमला बहुउद्देशीय आरोग्य सेविका केलं. लस, मलेरिया, कुटुंबनियोजन, नोंदी, सगळं तिच्याकडे आलं. १९७७ पासून अभ्यासक्रम अठरा महिन्यांवर आणला. काम वाढवलं आणि शिकायचे महिने कापले, ही माझ्या दृष्टीने या व्यवस्थेची सर्वांत महागडी काटकसर होती. वेळ कापला गेला तो प्रसूतिशास्त्राचा. रजिस्टरं नेमकी भरणारी, पण पोटावर हात ठेवून मुलाचं डोकं शोधता न येणारी मुलगी मी पाहिली आहे, आणि त्यात दोष तिचा नव्हता. पुढे अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला, ते बरं झालं.

२००५ नंतर जननी सुरक्षा योजना आली, २०१४ पासून १०८ रुग्णवाहिका. घरची बाळंतपणं कमी झाली, माता वाचू लागल्या. याचा मला मनापासून आनंद आहे. जुन्या दिवसांसाठी मी उसासे टाकत नाही. पण मुलींचा पाड्याशी संबंध त्यामुळे तुटू लागला. बाई आयती केंद्रात येते, मग तिच्या घरी जायचं कशाला, असं मुली विचारतात. घरी गेल्याशिवाय कळत नाही की नवरा केळी भरायला गेलाय, फोनला रेंज नाही, आणि मधे दोन नाले आहेत. डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र, हा निकष याच अडचणींसाठी ठरला आहे.

म्हणून माझं मागणं आहे की मुलींच्या ग्रामीण अनुभवाचे काही आठवडे उपकेंद्रातच जावेत, आणि तेही जुलै-ऑगस्टमध्ये, नाले भरून वाहत असताना. हिवाळ्यात कोरड्या रस्त्याने नेलेल्या मुलीला किती आधी निघायला हवं, याचा अंदाज येत नाही.