पिकतें तेथें विकत नाहीं

‘पिकतें तेथें विकत नाहीं’ ही म्हण ज्या कुणा शेतकऱ्यानें प्रथम उच्चारली असेल, त्याच्या डोळ्यांपुढें वांगीं-केळीं असा कांहीं तरी माल असला पाहिजे. माणसें त्याच्या मनांत खास नव्हतीं. परंतु आम्हां पालघरकरांना ती अनेक वर्षें एका माणसाच्या संबंधांत आठवत आली. इ. स. २००८ मध्यें इंडियन प्रीमियर लीग या नांवाची वीस-वीस षट्कांच्या सामन्यांची मालिका सुरू झाली आणि तिच्याबरोबर क्रिकेटच्या खेळाडूंचा उघड लिलांव ही एक नवीच वस्तु आपल्या देशांत आली. नांव पुकारावें, शहराशहरांच्या मालकांनीं बोली वाढवावी, हातोडा पडावा, आणि बडोद्याचा मुलगा बंगलोरचा व्हावा, असा हा प्रकार आहे. या बाजारांतून पालघरच्या शार्दूल ठाकूरला २०१४ सालीं पंजाबनें वीस लाखांना घेतलें. पुढें तो पुण्याकडून खेळला, चेन्नईस गेला, दिल्लीस गेला, कलकत्त्यास गेला, पुन्हां चेन्नईस आला आणि मग लखनौस पोंचला. ज्या मुंबईसाठीं तो रणजी करंडकाचे सामने खेळत होता, तिचें नांव मिरविणाऱ्या संघांतून मात्र २०२५ च्या हंगामापर्यंत तो या लीगमध्यें एकदांही मैदानांत उतरला नाहीं.

मुंबईनें त्याला फार पूर्वींच घ्यावयास हवें होतें, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. लेखक पालघरास प्राध्यापकी करतो. सबब हें मत निःपक्षपाती आहे असा दावा नाहीं. तथापि पक्षपाती मनुष्याजवळही पुरावा असूं शकतो, आणि इतिहास शिकविण्यांत हयात गेल्यामुळें पुरावा मांडल्यावांचून राहवत नाहीं एवढेंच.

आमच्या बाजूचा मुलूख ज्यांनीं पाहिलेला नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द सांगितले पाहिजेत. तारापूरचा किल्ला १७३९ मध्यें, चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेंत, मराठ्यांनीं घेतला. त्यानंतर या गांवाचें नांव देशभर होण्यास १९६९ साल उजाडावें लागलें, आणि तेंही तेथील अणुवीजकेंद्रामुळें. शेजारीं बोईसरला कारखान्यांची वसाहत वाढली. क्रिकेटची भूमि म्हणून या गांवांचा उल्लेख कुणीं कधीं केला नव्हता. मुंबईचें क्रिकेट म्हणजे शिवाजी पार्क, आझाद मैदान आणि ओव्हल. पालघर हें चर्चगेटपासून सुमारें ९० किलोमीटरांवर आहे, आणि डहाणूपर्यंत थेट लोकल गाड्या धांवूं लागल्या त्या एप्रिल २०१३ मध्यें. तोंपर्यंत मिळेल ती गाडी धरून विरार गांठावें, तेथें गाडी बदलावी आणि पुढें जावें, असा परिपाठ होता. ज्या मुलाला सकाळीं मुंबईच्या मैदानावर हजर व्हावयाचें असे, त्यानें अंधारांत घर सोडावें हें ओघानेंच आलें. खांद्यावर क्रिकेटची पिशवी अडकवून विरारच्या गर्दींत शिरणें हा स्वतंत्र व्यायाम आहे. त्याची गणना कुठल्याही सरासरींत होत नाहीं.

शार्दूल हा बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराचा विद्यार्थी. २००६ च्या सुमारास एका शालेय सामन्यांत त्याच्या शाळेची गांठ बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेशीं पडली. त्या शाळेच्या संघाचे शिक्षक दिनेश लाड. रोहित शर्माचे गुरु म्हणून वाचकांस त्यांचें नांव ठाऊक असेलच. प्रतिपक्षाच्या एका मुलानें ७८ धांवा काढल्या व पांच गडी बाद केले हें लाडांनीं पाहिलें, आणि मुलाच्या वडिलांस गांठून ‘याला आमच्या शाळेंत पाठवा’ असें सांगितलें. वडील शेतकरी. मुलाचें दहावीचें वर्ष तोंडावर आलेलें, आणि बोरिवलीस रोज जाण्यायेण्यांतच अर्धा दिवस मोडावयाचा. त्यांनीं नकार दिला, आणि त्यांच्या जागीं आपण असतों तर आपणही तोच दिला असता. तेव्हां लाडांनीं घरीं पत्नीचा विचार घेतला आणि परक्याच्या मुलाला आपल्याच घरीं ठेवून घेतलें. पुढें याच मुलानें हॅरिस ढालीच्या सामन्यांत एका षट्कांत सहा षट्कार मारले. तें सर्वांना दिसलें व वर्तमानपत्रांत आलें. परंतु सहा षट्कार मारणाऱ्यास ओळखण्यास डोळस माणूस लागत नाहीं. बोईसरच्या मुलाचे ते ७८ ओळखण्यास लागतो.

खरी निवड कशी होते याचें दुसरें उदाहरण याच मुलाच्या चरित्रांत आहे. नोव्हेंबर २०१२ मध्यें, जयपूर येथें राजस्थानाविरुद्ध, तो मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळला. पहिल्या चार सामन्यांत त्याला गडी मिळाले चार, आणि प्रत्येक गड्यामागें धांवा गेल्या ८२. शरीर जड आहे, असाही त्याच्यावर आक्षेप असे. एखाद्या हिशेबी मालकानें येथेंच खातें बंद केलें असतें. मुंबईच्या निवडकर्त्यांनीं तें केलें नाहीं. त्यानेंही वजन उतरविलें. पुढच्या हंगामांत सहा सामन्यांत २७ गडी व त्याच्या पुढच्या, म्हणजे २०१४-१५ च्या हंगामांत, दहा सामन्यांत ४८ गडी, गड्यामागें २०.८१ धांवा, असा त्यानें हिशेब चुकता केला. फेब्रुवारी २०१६ मध्यें पुण्यास झालेल्या अंतिम सामन्यांत सौराष्ट्राचे आठ गडी त्यानें घेतले आणि रणजी करंडक एकेचाळिसाव्या वेळीं मुंबईस आला. त्या ८२ च्या सरासरीवर विसंबून त्याला परत पालघरच्या गाडींत बसविलें असतें, तर यांतलें कांहींच झालें नसतें.

कागदावरचा आंकडा आणि मैदानावरचा माणूस यांची अशी फारकत आमच्या प्रांतांत नवी नाहीं. आमच्याच पेशांतले एक थोर गृहस्थ, पुण्याच्या कॉलेजांत संस्कृत शिकविणारे प्रो. दि. ब. देवधर, यांनीं १९२६ मध्यें एम. सी. सी. च्या पाहुण्या संघाविरुद्ध हिंदी संघाकडून १४८ धांवा काढल्या. १९३२ सालीं हिंदुस्थानचा संघ पहिला कसोटी सामना खेळावयास विलायतेस निघाला तेव्हां देवधरांचें वय होतें चाळीस, आणि संघांत त्यांचें नांव नव्हतें. चाळीस हा आंकडा खोटा नव्हता. परंतु त्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनीं मुंबईविरुद्ध २४६ धांवा केल्या, आणि पन्नाशी ओलांडल्यावर नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें झळकावलीं. भाऊसाहेब निंबाळकरांनीं १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या; एकाही कसोटींत ते खेळले नाहींत. ठाकूरला कसोटी तरी लाभली. मात्र तींतही दैवानें थट्टा केली. ऑक्टोबर २०१८ मध्यें हैदराबादेस त्यानें पहिल्या कसोटींत दहा चेंडू टाकले आणि दुखापत होऊन तो मैदानाबाहेर गेला. दुसरी कसोटी त्याला मिळाली ती सव्वादोन वर्षांनीं, जानेवारी २०२१ मध्यें, ब्रिस्बेनला.

त्या सामन्याबद्दल थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावांत ३६९ धांवा. आपले सहा गडी १८६ वर परतलेले. दुखापतींनीं भारताचा संघ इतका विस्कटला होता कीं, एरवीं पाणी नेणारीं मुलें गोलंदाजी करीत होतीं. अशा वेळीं ठाकूर खेळावयास आला, कमिन्सचा आंखूड चेंडू त्यानें सीमेपार भिरकावला, आणि वॉशिंग्टन सुंदरच्या जोडीनें १२३ धांवांची भर घातली. त्याच्या ६७ धांवा त्या डावांत सर्वांत अधिक होत्या. दोन्ही डाव मिळून त्यानें सात गडीही बाद केले. १९ जानेवारीस भारतानें तो सामना तीन गडी राखून जिंकला. त्या मैदानावर १९८८ पासून ऑस्ट्रेलियाला कुणीं हरविलें नव्हतें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत लंडनच्या ओव्हलवर सात गडी १२७ वर गेले असतां त्यानें ३६ चेंडूंत ५७ धांवा केल्या, दुसऱ्या डावांत ६०, आणि सामना आपण १५७ धांवांनीं जिंकला. जानेवारी २०२२ मध्यें जोहान्सबर्गला त्यानें एका डावांत ६१ धांवांत सात गडी घेतले. तो सामना मात्र आपण हरलों.

प्रतिपक्षाचें म्हणणें आम्हांला ठाऊक आहे. वीस षट्कांच्या खेळांत ठाकूर महाग पडतो. षट्कामागें नवाहून अधिक धांवा देतो. एक चेंडू सोन्याचा तर दुसरा मातीचा. हें खरें आहे, आणि तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्याच्या कामगिरीचा एक गुण असा कीं, ती सरासरींत दिसत नाहीं, तिच्या वेळींत दिसते. १८६ वर सहा, १२७ वर सात, अशा आंकड्यांच्या पुढें त्याचें नांव येतें. वेळेची ही जाण बोली लावणाऱ्याच्या कोष्टकांत येत नाहीं. ज्यांनीं वर्षानुवर्षें त्याला जवळून पाहिलें त्यांना ती असते. म्हणून घरच्या संघाचें उत्तरदायित्व अधिक, असें आमचें म्हणणें. दिल्लीनें २०२२ मध्यें त्याला पावणेअकरा कोटी दिले, याचा आम्हांला आनंद होण्याऐवजीं विषाद वाटला तो याकरितांच.

या गोष्टीची सर्वांत वांकडी घडी १२ मे २०१९ रोजीं हैदराबादेस पडली. अंतिम सामना, मुंबई विरुद्ध चेन्नई. शेवटच्या दोन चेंडूंत चेन्नईस चार धांवा हव्या होत्या आणि खेळावयास उभा होता, चेन्नईच्या पिवळ्या पोशाखांत, आमचा पालघरचा गडी. पहिल्या चेंडूवर त्यानें दोन धांवा काढल्या. शेवटचा चेंडू मलिंगाचा. ठाकूर पायचीत झाला आणि मुंबई एका धांवेनें जिंकली. आम्ही जन्मभर मुंबईचा जय इच्छीत आलेले लोक. त्या रात्रीं टाळी वाजवावी कीं हळहळावें हें घरांत कुणालाच समजेना. घरच्या माणसाला परक्याच्या बाजूनें उभें केलें म्हणजे असा प्रसंग कधीं ना कधीं यावयाचाच.

मार्च २०२४ मध्यें वांद्र्याच्या मैदानावर रणजीचा उपांत्य सामना झाला. तमिळनाडूविरुद्ध मुंबईचे सात गडी १०६ वर गेले होते. ठाकूरनें १०५ चेंडूंत १०९ धांवा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांतलें तें त्याचें पहिलेंच शतक. मुंबई डावानें जिंकली. विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यांत पहिला डाव कोसळला असतां पुन्हां त्याच्याच ७५ धांवा, आणि बेचाळिसावें अजिंक्यपद. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत जेद्दाला लिलांव भरला. ठाकूरची मूळ किंमत दोन कोटी होती. नांव पुकारलें गेलें आणि दहा संघांपैकीं एकाचाही हात वर झाला नाहीं. मार्च २०२५ मध्यें लखनौच्या एका गोलंदाजास दुखापत झाली म्हणून त्याच्या जागीं याला बोलाविलें, आणि दुसऱ्याच सामन्यांत यानें हैदराबादचे चार गडी घेतले.

मुंबईच्या रणजी संघाचें कर्णधारपद त्याच्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्यें आलें. पुढल्याच महिन्यांत बातमी आली कीं, लीगमधील मुंबईच्या संघानें त्याला लखनौकडून घेतलें. लिलांव नाहीं, हातोडा नाहीं, दोन संघांतला परस्पर व्यवहार. रक्कम दोन कोटी, म्हणजे जेद्दाला ज्या आंकड्यावर कुणीं बोली लावली नाहीं तीच.

२०१८ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतल्यावर हा गृहस्थ अंधेरीहून लोकलनेंच पालघरास आला होता, आणि डब्यांतलीं कॉलेजचीं मुलें मोबाइलवर त्याचें छायाचित्र काढून हाच तो कीं काय हें ताडून पाहत होतीं. त्यांत आमच्या कॉलेजचीं कितीं होतीं कोण जाणे. पण खांद्यावर क्रिकेटची पिशवी घेऊन वर्गांत मागच्या दारानें शिरणारीं मुलें अलीकडे वाढलीं आहेत, एवढें हजेरीपटावरून सांगतां येतें.

नोव्हेंबरच्या त्या दिवशीं प्राध्यापकांच्या खोलींत आमचे गणिताचे स्नेही म्हणाले, “झालें ना तुमच्या मनासारखें? पण आतां तो चौतीस वर्षांचा आहे. एवढ्या उशिरां त्याला घेऊन काय करावयाचें?” मीं त्यांना देवधरांचें वय विचारलें, मुंबईविरुद्ध २४६ काढले तेव्हांचें. त्यांना तें ठाऊक नव्हतें.