कॉम्रेड्स: सोबत्यांच्या आठवणीत धावलेले नव्वद किलोमीटर

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. त्याहून लांबची शर्यत म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन. आपल्या इन्स्टा फीडवर ती बहुतेक वेळा फिटनेसचा पराक्रम म्हणून येते: घड्याळाचा स्क्रीनशॉट, गळ्यात मेडल, बर्फाच्या टबात पाय. पण जगातली सगळ्यात जुनी आणि मोठी मानली जाणारी अल्ट्रा, दक्षिण आफ्रिकेतली ‘कॉम्रेड्स’, फिटनेससाठी सुरू झालीच नव्हती. एका रेल्वे ड्रायव्हरने ती युद्धात गेलेल्या सोबत्यांसाठी सुरू केली.

त्याचं नाव विक क्लॅपहॅम. जन्म लंडनचा, पण लहानपणीच आईवडिलांबरोबर दक्षिण आफ्रिकेत आला. बोअर युद्ध पेटलं तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा होता, तरी अँब्युलन्स पथकात भरती झाला. पुढे नाताळ प्रांतात रेल्वेचं इंजिन चालवू लागला. पहिल्या महायुद्धात त्याची पलटण पूर्व आफ्रिकेत गेली. तिथे जर्मन सेनापती फॉन लेटो-फोरबेक मोठी लढाई टाळत सतत मागे सरकत होता आणि ब्रिटिश बाजूचं सैन्य त्याचा पाठलाग करत होतं. क्लॅपहॅम या मोहिमेत सुमारे २,७०० किलोमीटर चालला. उन्हातान्हात, पावसात, चिखलात. गोळीपेक्षा मलेरिया आणि आमांशानेच जास्त माणसं नेली.

तो परत आला. अनेक सोबती आले नाहीत. अशा वेळी गावात स्तंभ उभारायचा, त्यावर नावं कोरायची, ही तेव्हाची रीत. क्लॅपहॅमच्या डोक्यात वेगळंच होतं. पीटरमॅरित्झबर्ग ते डर्बन, जवळपास नव्वद किलोमीटर, लोकांनी धावत जावं. माजी सैनिकांच्या संघटनेने १९१९ मध्ये नकार दिला, १९२० मध्येही दिला. हे माणसाला झेपणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. क्लॅपहॅमचा युक्तिवाद साधा होता: घरी खुर्चीत बसणारी साधी माणसं सैन्यात जाऊन अर्धा आफ्रिका चालू शकतात, तर सराव केलेल्या धावपटूंना हे का जमू नये? १९२१ मध्ये अखेर परवानगी मिळाली आणि खर्चाला एक पौंड उसना. २४ मे १९२१ रोजी ३४ जण निघाले, १६ जण पोचले. पहिला आलेल्या बिल रोवनला ८ तास ५९ मिनिटं लागली.

स्तंभ का नाही आणि धावणंच का, यावर मी बराच विचार केला आहे. बाबा गेले तेव्हा तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये मी माझे टास्क वाचून दाखवत होतो. पहिले तेरा दिवस काय करायचं ते सगळ्यांना माहीत असतं. चौदाव्या दिवसाचं कुणीच सांगत नाही. मी पहाटे धावायला लागलो ते त्यामुळे. दुःख कमी झालं, असं म्हणणार नाही. पण दिवसभर छातीत अडकून बसणाऱ्या गोष्टीला तासभर पाय मिळायचे. क्लॅपहॅमचे सोबती चालता चालता गेले होते. दगडासमोर दोन मिनिटं उभं राहण्यापेक्षा दिवसभर चालत्या पायांनी त्यांची आठवण काढणं त्याला जवळचं वाटलं असावं.

पण हे स्मारक सगळ्यांचं नव्हतं. पूर्व आफ्रिकेच्या त्याच मोहिमेत सैन्याचं ओझं वाहताना हजारो कृष्णवर्णीय हमाल मेले. त्यांच्या मुलाबाळांना या शर्यतीत जागा नव्हती. शर्यत जिथून निघाली, त्याच पीटरमॅरित्झबर्गच्या स्टेशनवर १८९३ मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवलं होतं. बायकांनाही बंदीच होती. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्डचा अर्ज नाकारला गेला, तरी ती धावली आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचली. मेडल मिळालं नाही, म्हणून प्रेक्षकांनी आणि धावपटूंनी तिला चांदीचा टी-सेट भेट दिला. १९३५ मध्ये रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू साधारण साडेनऊ तासांत पोचला. अधिकृत निकालात त्याचं नाव लागलं नाही.

दारं उघडायला १९७५ उजाडलं. १९८१ मध्ये आयोजकांनी शर्यत वर्णद्वेषी प्रजासत्ताकाच्या विसाव्या वर्धापनदिनाशी जोडली, तेव्हा ब्रूस फोर्डाइस आणि आणखी काही जण निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधून धावले. लोकांनी फोर्डाइसवर टोमॅटो फेकले. तरी तो जिंकला. आठ वर्षांनी, १९८९ मध्ये, सॅम त्शाबालाला हा कॉम्रेड्स जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय धावपटू ठरला. आणि २०१९ पासून नऊ ते दहा तासांत पोचणाऱ्यांना जे मेडल मिळतं, त्याला म्त्शालीचं नाव आहे. ८४ वर्षं उशीर झाला, पण नाव लागलं.

आजही ही शर्यत एक वर्ष चढाची, एक वर्ष उताराची अशी आलटून पालटून होते. वाटेत दरडीत एक कोनाडा आहे, ‘आर्थर्स सीट’. पाच वेळा जिंकलेल्या आर्थर न्यूटनची ही बसायची जागा, असं सांगतात. धावपटू तिथे फूल ठेवतात आणि त्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हणून पुढे जातात. हळू धावणारे घोळका करून धावतात. त्या घोळक्याला ‘बस’ म्हणतात आणि पुढच्याला ‘ड्रायव्हर’. आपली वारी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबई-पुण्याहूनही दरवर्षी बरेच जण तिकडे जातात.

वेळेची मर्यादा बारा तास. अकरा ते बारा तासांत पोचणाऱ्यांना मिळणारं तांब्याचं मेडल विक क्लॅपहॅमच्या नावाचं आहे. बारा तास भरत आले की एक अधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि वेळ संपताच बंदूक झाडतो. कोण राहिलं, हे त्याने बघायचं नसतं. युट्यूबवर त्या शेवटच्या दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत. विजेत्याचा फिनिश नाही पाहिला तरी चालेल, ती दहा मिनिटं मात्र बघा. अनोळखी माणसं अनोळखी माणसाला दोन्ही बाजूंनी धरून रेषेकडे नेत असतात.