पाच पत्नींचा खंडोबा: देवाचा निवाडा कसा करावा?

१/ बारामती तालुक्यातील काटेवाडीत दरवर्षी आषाढी वारीच्या वेळी संत तुकाराम महाराजांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढपाळाचे सारे धन त्या वेळी देवाभोवती धावत असते. याच धनगर समाजाचे एक थोर श्रद्धास्थान म्हणजे जेजुरीचा खंडोबा. त्याची लोककथा मात्र आधुनिक वाचकाला पेचात टाकते.

२/ म्हाळसा ही नेवाशाच्या लिंगायत वाण्याची कन्या. खंडोबाची पहिली पत्नी. पुढे सारीपाटात हरल्याचे निमित्त करून देव घराबाहेर पडला, धनगराच्या वाड्यावर चाकर म्हणून राहिला आणि धनगरकन्या बाणाईशी विवाह करून परतला. मग सवतींचे भांडण जुंपले. म्हाळसा गडावर राहिली. बाणाईचे स्थान गडाच्या वाटेवर, अर्ध्या चढणीवर आहे.

३/ असा देव नीतिमान म्हणावा काय? ग्रीकांनाही झ्यूस आणि हेरा यांच्याविषयी हाच प्रश्न पडला होता. इसवीसनपूर्व सहाव्या शतकातील तत्त्वज्ञ झेनोफनीस याने होमर व हेसिअड या कवींना दोष दिला. चोरी, व्यभिचार, फसवणूक अशी माणसांची पापे या कवींनी देवांच्या माथी मारली, असा त्याचा आक्षेप होता.

४/ आक्षेप आला की समर्थनही येते. काही ग्रीक विचारवंतांनी देवांच्या भांडणांना रूपक ठरवले. महाराष्ट्रात पुराणपरंपरेने खंडोबाला शिवाचा अवतार मानले. म्हाळसा म्हणजे पार्वती आणि बाणाई म्हणजे गंगा, असा अन्वय लावताच सवतींचे भांडण थेट कैलासावर पोहोचले.

५/ तिसरी वाट इतिहासाची. इसवीसनपूर्व ३०० च्या सुमारास युहेमेरस याने देव हे मुळात प्राचीन राजे होते, असे प्रतिपादन केले. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) खंडोबा व म्हसोबा यांना बळीराजाचे अधिकारी ठरवले. युहेमेरसाच्या मांडणीने देवांचे राजे झाले. फुल्यांच्या मांडणीने बहुजनांना त्यांचे हिरावलेले राज्य आठवून दिले.

६/ चौथी वाट समाजाची. लोकपरंपरा खंडोबाच्या आणखी तीन पत्नी सांगते: रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई. वाणी, धनगर, शिंपी, माळी अशा निरनिराळ्या समाजांची मुलगी देवाच्या घरी नांदते. म्हणजे देव त्या सर्वांचा जावई ठरतो. झ्यूसच्या अनेक प्रेमकथांमागेही अभ्यासकांना ठिकठिकाणच्या स्थानिक देवता त्याच्या परिवारात सामावल्या गेल्याच्या खुणा दिसतात.

७/ हा अर्थ उमगला की देवावर बहुपत्नीकत्वाचा खटला चालवणे काहीसे बालिश वाटू लागते. ती कथा फिरस्त्या मेंढपाळांना आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांना एका गडावर आणते. पण येथेच थांबले तर एक गंभीर चूक होईल, कारण देवाच्या विवाहांची ही कल्पना कथेपुरती उरली नव्हती.

८/ नवस फेडण्यासाठी मुली खंडोबाला वाहिल्या जात. त्यांना मुरळी म्हणत. देवाशी लग्न लागलेल्या मुलीला दुसरा संसार करण्यास परंपरेची मुभा नसे आणि अनेकींच्या वाट्याला लैंगिक शोषण येई. या मुलींमध्ये दलित घरांतील मुलींचा भरणा मोठा होता.

९/ पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रातून या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. शिवूबाई या मुरळीचे पत्रही त्यात प्रसिद्ध झाले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही मुरळीप्रथेविरुद्ध चळवळ केली. अखेर १९३४ मध्ये मुंबई प्रांतात देवाला मुली वाहण्याविरुद्ध कायदा झाला.

१०/ म्हणून पुराणकथा वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. ही कथा कोणाला जोडण्यासाठी रचली गेली, हा पहिला. त्याचे उत्तर सहानुभूतीने शोधावे. तिच्या नावाने कोणाचे आयुष्य खर्ची पडले, हा दुसरा. तेथे निवाडा कठोरपणेच करावा. त्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात देव नसतो. तेथे त्याच्या नावावर व्यवहार करणारा समाज उभा असतो.